पार्कातल्या धन्वंतरींस खुले पत्र

सन्माननीय काका,



पत्र उघडच लिहितेय, कारण बंद पाकिटातून दिलं असतं तर ते न उघडताच तुम्ही आत काय आहे हे सांगून मोकळे झाला असता. तुमची ख्यातीच तशी आहे. जे. पी. नगरातल्या आपल्या पार्कात, फाटकापासून दुसऱ्या बाकावर, सकाळी सात ते साडेआठ तुमचा दवाखाना भरतो. फी नाही, नंबर नाही, तपासणी नाही. तपासणी तर मुळीच नाही. नाडी न धरता आणि समोरच्याचं वाक्य पुरं न ऐकता रोग ओळखायचा, ही विद्या इथल्या मोठमोठ्या इस्पितळांत अजून पोचलेली नाही.

तुमचं वैद्यकशास्त्रही आटोपशीर. रात्री झोप मोडते? वय झालं. पाय जळजळतात? वात. घसा कोरडा पडतो? बंगळूरची हवा. या तिन्हींत न बसणारी तक्रार कुणी आणलीच, तर ‘हल्ली सगळ्यांनाच होतं’ हा रामबाण आहेच. हे शेवटचं मात्र अगदी खोटं नाही. आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीचा २०२३ मध्ये जो अंदाज छापून आला, त्यात भारतात मधुमेहाचे रुग्ण १० कोटींच्या वर आणि उंबरठ्यावर उभे असलेले आणखी साडेतेरा कोटी आहेत. सगळ्यांनाच होतं म्हणून कुणीच बघायचं नाही, हा त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र खास तुमचा.

आता तळमजल्यावरच्या आजोबांचं बोलू. सांगलीहून मुलाकडे आलेले, पंच्याहत्तरीच्या जवळ टेकलेले, स्वभावानं भिडस्त. ते रात्री तीन-तीनदा उठायचे. उशाशी पाण्याची बाटली ठेवायचे आणि पहाटेपर्यंत ती रिकामी व्हायची. ही गोष्ट त्यांनी मुलाला सांगितली नाही, कारण तो रात्री उशिरापर्यंत अमेरिकेशी बोलत असतो. सुनेला तर सांगणं शक्यच नव्हतं. लघवी हा शब्द सुनेसमोर काढायचा, मग तिनं तो डॉक्टरांसमोर इंग्रजीत नाहीतर तोडक्यामोडक्या कन्नडमध्ये काढायचा, यापेक्षा रात्रभर जागलेलं बरं, असं मानणारी ती पिढी. त्यांनी सांगितलं फक्त तुम्हाला. तुम्ही मराठी बोलता, त्यांच्याच वयाचे आहात, आणि तुमच्या बाकावर लाज वाटत नाही.

काका, तुमचं भांडवल आहे ते हे. आपल्या मुलांच्या घरी येऊन राहिलेल्या या आजीआजोबांना इथे भाजीवाला कळतो, दर्शिनी हॉटेलातली बाय-टू कॉफी कळते, देवळातली आरती कळते. डॉक्टर मात्र दुभाष्याशिवाय कळत नाही. त्यामुळे जे डॉक्टरच्या टेबलावर जायला हवं, ते तुमच्या बाकावर येतं आणि तिथेच गाडलं जातं.

आजोबांना तुम्ही काय सांगितलंत, ते मला शब्दशः माहीत आहे. मी पलीकडे पाय ताणत उभी होते. “अहो, थंड हवा आहे इथली. आणि या वयात प्रोस्टेट असतोच. संध्याकाळी सहानंतर पाणी बंद.” मग त्यांच्या सैल झालेल्या विजारीकडे बघून म्हणालात, “वजन मात्र छान उतरवलंत! बंगळूर मानवलं तुम्हाला.” न खपता, न धावता, आहार तोच असताना दोन-तीन महिन्यांत पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं, आणि त्याबद्दल तुम्ही त्यांचं अभिनंदन केलंत.

थोडं शास्त्र सांगते. तुमच्यासमोर ते सांगणं म्हणजे आगाऊपणा आहे, हे मान्य. रक्तातली साखर साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेली की मूत्रपिंडांना ती सगळी परत शोषून घेता येत नाही. धरणाच्या सांडव्यावरून पाणी जावं तशी जादा साखर लघवीत उतरते, आणि जाताना शरीरातलं पाणी ओढून नेते. त्यामुळे लघवी भरपूर होते, अंग कोरडं पडतं आणि तहान लागते. आजोबा पाणी पीत होते म्हणून उठत नव्हते. उठावं लागत होतं म्हणून पाणी पीत होते. त्यांचं पाणी तोडून तुम्ही मूळ दुखणं जिथल्या तिथे ठेवलंत आणि वर अंग आणखी सुकवलंत. दिवसा त्यांनी तहान भागवली ती उसाच्या रसावर. रस नैसर्गिक असतो, हेही तुमच्याच बाकावर ठरलं होतं.

प्रोस्टेटचं तुम्ही म्हणालात ते चूक नाही, हेही लिहून ठेवते. रात्री उठावं लागण्याची कारणं ढीगभर. प्रोस्टेट, लघवीचा जंतुसंसर्ग, रक्तदाबासाठीची लघवीची गोळी संध्याकाळी घेणं, पायावर सूज आणणारं हृदयाचं दुखणं, घोरता घोरता श्वास अडकणं. प्रोस्टेटवाल्याला सहसा घाई फार आणि धार बारीक, दर खेपेला थोडी थोडी. साखर चढलेल्याला दर खेपेला भरपूर, आणि परत येऊन घटाघटा पाणी. पण दोन्ही एकाच माणसाला असू शकतं, आणि बाकावर बसून ते वेगळं काढता येत नाही. रक्त तपासावं लागतं. मुलानं शेवटी तपासून आणलं तेव्हा आजोबांची उपाशीपोटीची साखर २६८ होती. तुम्ही म्हणालात, “मशीन बिघडलं असेल.”

पुरावा तुमच्या हाती नव्हता, असंही म्हणता येत नाही. २०२४ चा मार्च आठवा. बोअरवेल आटल्या, टँकरचे भाव कडाडले, आणि सोसायटीच्या ग्रुपवर तुमचा संतप्त संदेश आला, की रात्री कोणीतरी पुनःपुन्हा फ्लश ओढतं, पाइप माझ्या उशामागून जातो. सोबत वेळा दिल्या होत्या: एक, पावणेतीन, साडेचार. इतकी चोख नोंद रात्रपाळीच्या नर्सनं ठेवली असती तर डॉक्टरांनी शाबासकी दिली असती. तहान, वारंवार लघवी, उतरतं वजन, यातलं अर्धं निदान तुमच्या फोनमध्ये तारीख-वेळेसकट पडलेलं होतं. तुम्ही त्यावरून ‘पाण्याची उधळपट्टी’ एवढंच निदान केलंत आणि दंडाची सूचना मांडलीत.

आणि ती मुंग्यांची कसोटी! “लघवीला मुंग्या लागतात का? नाही ना? मग शुगर नाही.” आपल्या जुन्या वैद्यांनी मधासारख्या लघवीची आणि तिच्याकडे धावणाऱ्या मुंग्यांची नोंद केली, तो त्यांच्या निरीक्षणाचा मोठेपणा. लिव्हरपूलचा मॅथ्यू डॉब्सन हा डॉक्टर तर १७७६ मध्ये रुग्णाची लघवी आटवून तळाशी साखर उरते हे दाखवून गेला. त्यांच्यापाशी दुसरं साधन नव्हतं. आपल्या इमारतीत पांढरे कमोड आहेत, त्यात दर वेळी पाणी सोडलं जातं आणि महिन्याला पेस्ट कंट्रोलवाला येतो. तिथे हजेरी लावायला मुंगी येणार कुठून?

तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींच्या पायांकडे वळते. दिवसभर ठीक, पण अंथरुणाला पाठ टेकली की तळव्यांची आग. चादरीचा स्पर्शही नको होतो, टाचण्या टोचल्यासारखं होतं, मध्येच पोटरीत गोळा येतो. तुमचा निकाल: वात. उपाय: बादलीत कडकडीत पाणी, त्यात मूठभर मीठ, पाय बुडवून बसा. साखर बरीच वर्षं वाढलेली राहिली की पायांच्या बारीक नसा मरायला लागतात. त्याची जळजळ आणि मुंग्या येणं बहुधा रात्री जास्त छळतं. अशाच तक्रारी बी-१२ कमी असल्यानंही होतात, आणि शाकाहारी घरांत ते कमी निघणं नवलाचं नाही. साखरेसाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांतही ते घटतं. दोन्ही रक्तात कळतं. पण नसा बधिर झाल्या असतील तर पाणी किती कढत आहे हे पायांना कळतच नाही. वहिनींच्या घोट्यावर फोड आला तो तुमच्या बादलीतून. अशा माणसाच्या पायावरचा फोड ही लहान गोष्ट नसते. तो न भरता चिघळला तर गोष्ट बोट कापण्यापर्यंत जाते.

वहिनी सडपातळ आहेत म्हणून तुम्ही साखरेची शंका उडवून लावलीत. “शुगर जाड्यांना होते.” यासाठी तुम्हाला पुण्यापर्यंत नेते. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक वर्षानुवर्षं हाच प्रश्न खणत आले आहेत: आपली बारीक माणसं मधुमेही का होतात? २००४ मध्ये त्यांनी आणि लंडनचे डॉ. युडकिन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघं शेजारी उभे, उंचीच्या मानानं वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३. अंगातली चरबी मोजली तर इंग्रज डॉक्टरांची ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांची २१.२ टक्के. काट्यावर सारखे, आतून दुपटीहून जास्त फरक. हातपाय काटकुळे आणि पोटाशी टायर, ही आपली घडणच आहे. म्हणून आपल्याकडे काट्यापेक्षा टेप खरी बोलते. कमरेचा घेर बाईचा ८० सेंटिमीटर आणि पुरुषाचा ९० च्या वर गेला की सावध व्हायचं. तुमच्या टी-शर्टाची शेवटची इंच-दोन इंच मला रोज सकाळी दिसतात, पण तो विषय थोडा पुढे.

आपण ज्या वस्तीत राहतो ती जयप्रकाश नारायणांच्या नावाची. तुम्ही आणीबाणीच्या आठवणी सांगता तेव्हा बाकाभोवती गर्दी जमते. त्यातली एक गोष्ट तुमच्या कथनात कधी येत नाही. जे. पी. स्वतः मधुमेही होते. नोव्हेंबर १९७५ मध्ये कैदेतून सुटले तेव्हा त्यांची मूत्रपिंडं निकामी झाल्याचं मुंबईत, जसलोकमध्ये, स्पष्ट झालं. ती कशामुळे गेली यावर त्या काळी पुष्कळ वाद झाले; ते उकरायची ही जागा नव्हे. पण ८ ऑक्टोबर १९७९ ला पाटण्यात त्यांचं निधन झालं, तोपर्यंतची सगळी वर्षं त्यांनी डायलिसिसवर काढली. मधुमेह आणि मूत्रपिंड यांचं नातं समजायला एवढ्या थोर माणसाचं उदाहरण वस्तीच्या पाटीवरच लिहिलेलं असताना, तुम्ही त्याच पाटीखाली उभे राहून “शुगर काय, कारल्यानं जाते” म्हणता.

कारल्याचा रस, मेथ्या, जांभळाच्या बिया, कुंडीतल्या ‘इन्सुलिन’ झाडाचं रोज एक पान, आणि रात्रभर पाणी भरून ठेवायचा तो लाकडी पेला. पाणी सकाळी तपकिरी झालं की रोग्याला बरं वाटतं आणि विकणाऱ्यालाही. यातलं काही पोटात गेल्यानं कुणाचं मोठं नुकसान होत नसेलही. नुकसान होतं ते त्यापायी बंद केलेल्या गोळ्यांनी आणि पुढे ढकललेल्या तपासणीनं.

आता उलट टोक. सहाव्या मजल्यावरच्या मावशी साखरेच्या गोळ्या घेतात. आषाढीला उपास केला, गोळी मात्र नेमानं घेतली, कारण तुम्ही म्हणाला होतात की गोळीला एकादशी नसते. रात्री दोनला घामानं गाऊन ओलाचिंब, छातीत धडधड, हात कापताहेत, भलतीच स्वप्नं. सकाळी त्यांनी हे सांगितलं तेव्हा तुम्ही प्रसन्न झालात: “घामावाटे साखर निघून गेली!” काका, ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या आणि इन्सुलिन पोटात अन्न नसतानाही आपलं काम करत राहतात. साखर ७० च्या खाली घसरली की शरीर असं बोंब मारून उठवतं. तेव्हा बोटातल्या रक्ताची साखर बघायची, कमी असेल तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून घ्यायचं, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघायचं, आणि मग काहीतरी खायचं. यंत्र घरात नसेल तर आधी साखर घ्यायची. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही ओतायचं नाही, थेट इस्पितळ गाठायचं. उपास धरायचाच असेल तर गोळीचं काय करायचं, हे पंचांगानं किंवा तुम्ही नाही, डॉक्टरांनी ठरवायचं असतं.

इथपर्यंत मी हसतखेळत लिहिलं. पुढच्या प्रकरणात हसू येत नाही.

बी विंगमधला सात वर्षांचा मुलगा. तिसऱ्या वर्षापासून अंथरूण कोरडं असायचं, ते अचानक रोज ओलं व्हायला लागलं. सारखं पाणी मागायचा आणि गाल आत गेले होते. त्याच्या आईला तुम्ही सल्ला दिलात की रात्रीचं दूध-पाणी बंद करा, चार फटके द्या, लाडावलाय. ती बाई शहाणी, तुमचं ऐकून घेतलं आणि त्याच दुपारी मुलाला डॉक्टरांकडे नेलं. टाइप १ निघाला. लहान मुलांतल्या या प्रकारात शरीरात इन्सुलिन तयार होणंच थांबत जातं, आणि दुखणं महिन्यांच्या नव्हे, दिवसांच्या हिशेबानं वाढतं. कोरडं राहणारं मूल पुन्हा अंथरूण भिजवायला लागलं, तहान वाढली, वजन घटलं, की साखर त्याच दिवशी तपासायची. उलट्या, पोटदुखी, खोल आणि जोरात श्वास, तोंडाला पिकल्या फळासारखा वास, यातलं काही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही. रात्रीच इस्पितळ गाठायचं. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत लेनर्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिन टोचलं गेलं, त्याआधी अशी मुलं वाचतच नसत. आज ती शाळेत जातात, क्रिकेट खेळतात, मोठी होतात. अट एकच, वेळेत कळलं पाहिजे. चार फटक्यांचा तुमचा सल्ला त्या आईनं मानला असता तर आठवड्यानं तुम्ही कुठे बसून काय बोलला असता, याचा जरा विचार करा.

तर आता तुमच्याविषयी. परवा आपण रंगशंकरात नाटकाला गेलो. साबुदाणा वड्यांची बशी तुम्ही एकट्यानं संपवलीत, त्यावर माझं काही म्हणणं नाही. तिथला वडा खाल्ला नाही तर नाटक अर्धंच पाहिल्यासारखं वाटतं. पण साडेसातच्या ठोक्याला दार लावणाऱ्या त्या नाट्यगृहात तुम्ही हट्टानं कडेची खुर्ची घेतलीत आणि पडदा पडायच्या आत दोनदा उठलात. काकू मला हळूच म्हणाल्या, घरी रात्रीही हेच चालतं. तिसऱ्यांदा उठून आल्यावर स्वयंपाकघरात उभं राहून तांब्याभर पाणी पितात, आणि हल्ली सकाळी पेपर हात लांब करून वाचतात. त्यावर तुमचं निदान काकूंना पाठ आहे: वय झालं.

निदान मी करणार नाही. तो माझा प्रांत नव्हे, आणि तुमचाही नाही. आकडे मात्र सांगते, बाकामागच्या भिंतीवर लावून ठेवा. उपाशीपोटी १२६ किंवा जास्त, नाहीतर तीन महिन्यांची सरासरी सांगणारं एचबीए१सी ६.५ किंवा जास्त, म्हणजे मधुमेह. उपाशीपोटी १०० ते १२५ म्हणजे उंबरठा. तहान-लघवीची लक्षणं असतील आणि कुठल्याही वेळी साखर २०० च्या वर निघाली, तर फार चर्चा उरत नाही. लक्षणं नसताना एखादा आकडा वर आला तर तपासणी पुन्हा करून खात्री करायची. रक्त कमी असलेल्यांचं एचबीए१सी फसवं निघू शकतं, तेही डॉक्टरांना सांगायचं. आणि गाढ झोप लागते म्हणून कुणी फुशारकी मारू नये: पुष्कळांना काहीएक लक्षण नसताना साखर वाढलेली असते. म्हणून तिशीनंतर तपासणी करायची ती झोप मोडायची वाट न बघता.

दवाखाना बंद करा, असं मी म्हणत नाही. लोक जे घरात बोलत नाहीत ते तुमच्यापाशी बोलतात, आणि ते बोलणं फार मोलाचं आहे. फक्त इथून पुढे निदान द्यायचं नाही, प्रश्न विचारायचे. रात्री किती वेळा उठता? दर वेळी भरपूर होते की थोडी? परत येऊन पाणी पिता का? वजन आपोआप उतरलंय का? पायांची आग, सकाळी अंधुक दिसणं, घाम? उत्तरं एका कागदावर मराठीत लिहून घ्या, मी ती कन्नडमध्ये करून देईन, आणि आजीआजोबा तो कागद डॉक्टरांपुढे ठेवतील. कुणाला बोलायची लाज उरणार नाही.

पहिला कागद तुमचा असू दे. शनिवारी सकाळी मी, काकू आणि तळमजल्यावरचे आजोबा ‘नम्म क्लिनिक’ला जाणार आहोत. सरकारी आहे, साखरेची तपासणी फुकट होते, त्यामुळे तुमच्या तत्त्वांनाही धक्का नाही. फाटकाशी थांबा. आदल्या रात्री जेवल्यानंतर आठ तास काही खाऊ नका, कॉफीसुद्धा नाही. साधं पाणी हवं तेवढं प्या.

आपली नम्र,
चौथ्या मजल्यावरची शेजारीण